ऐंशी सेंटीमीटर

रोजचा दीड जीबी.
ब्लाउजपीस येतो ऐंशी सेंटीमीटरचा,
बाह्या लांब हव्यात तर पाठ मोठ्या गळ्याची,
आणि अस्तर तुमचं तुम्ही आणायचं.
हा हिशोब मला कुणी शिकवायला नको.

सकाळी पोरगं शाळेचं काहीतरी उतरवून घेतं.
मग सासऱ्यांना कुस्ती बघायची असते,
खासबागेतली, जुनी, निकाली.
"चितपट होईस्तवर बंद करू नको बघ."
मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकून
नुसतेच गोल फिरत राहतात
आणि तेवढ्यात ते दुसरं चक्र फिरायला लागतं,
पडद्याच्या मधोमध.
सासरे म्हणतात, दम खातोय गडी.

दहा वाजता मेसेज: पन्नास टक्के वापरले.
बाराला: नव्वद.
इतक्या तत्परतेनं दूध संस्थेनं
आमच्या म्हशीचा फॅट कधी कळवला नाही.

मग डेटा बंद करून मी फोन
मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकते,
हुकांच्या डबीशेजारी, तुटक्या सुयांजवळ.
त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांत संपतो.
माझा संपायला अजून दोन-तीन दिवस असतात.
असे वर्षात तेरा होतात.
दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच,
आता न चुकता दरवर्षी येतो.

अगदीच अडलं तर तौफिकच्या दुकानाचा कट्टा.
विरजणाला चमचाभर ताक मागावं तसं,
"हॉटस्पॉट लाव रे जरा."
पासवर्ड त्याच्या बुलेटचा नंबर,
अख्ख्या वाडीला पाठ.
त्याच्या बहिणीचा शरारा ऐन लग्नात उसवला
तेव्हा मी रात्री अकराला टीप मारून दिली होती.
लिहून कुणीच ठेवत नाही.

मेघना सुतार आली, हळद चार दिवसांवर.
"ताई, मी एक गळा बघितलोय. पाठीवरचा. लई भारी."
तिनं पाठवलेला व्हिडिओ मी रात्री उघडला.
हातात उरलं होतं चिंधीएवढं.
एकशे चव्वेचाळीसवर लावला.
बाईची बोटं दिसत होती, कात्री दिसत होती,
गळ्याच्या जागी मात्र
वाळत घातलेली चौकड्याची लुंगी हलावी
तसं काहीतरी.
डावीकडं वळत होतं. पान असेल.
मोराची मान असेल.
मग तेही थांबलं,
कात्री अर्धी उघडी ठेवून.

बारापर्यंत जागायचं ठरवलं.
बाराला नवा दीड जीबी मिळतो.
साडेअकराला लाईट गेली,
लाईटमागोमाग टॉवर.
कुत्रीसुद्धा गप्प.
खालच्या ओढ्याचा आवाज तेवढा
कुठं न अडकता येत होता.

मेणबत्ती लावली, खडू घेतला,
ते अर्धं वळण तसंच पुढं ओढलं.
खोटं कशाला सांगू, पान जमलं नाही.
मोर तर नाहीच नाही.
गगनबावड्याच्या घाटात एक वळण आहे,
लहानपणी आमची एसटी तिथं
आधी थोडी मागं घ्यायची, मग वळायची,
आणि आई माझा दंड घट्ट धरायची.
तसं काहीतरी आलं कापडावर.
जरा मागं, मग एकदम खाली.
दंड धरायच्या जागी
मी एक हुक लपवला.

मेघनानं आरशाकडं पाठ केली,
मान दुखेपर्यंत वळवून बघितली.
"हे ते न्हवं," म्हणाली.
मी उसवायला ब्लेड उचललं.
ती अजून बघतच होती.
"ऱ्हाऊ दे की," म्हणाली.

त्यानंतर सातजणी येऊन गेल्या,
फोनवर मेघनाच्या पाठीचा फोटो घेऊन.
एक तर पार कळ्याहून, वडापनं.
म्हणाली, दोन दिवस शोधालोय,
हा गळा नेटवर कुठं घावंना.

मी तोंडातली टाचणी काढून म्हटलं,
तुमच्याकडं रेंज नसेल.