गाठ

कीलुंगच्या रात्रबाजारात, खेकड्याच्या सुपाच्या गाडीशेजारी
बाबांनी तो चष्मा घेतला.
अधिक दीड. म्हाताऱ्यांचा.
मी अकरा वर्षांची, उणे चार.
"अधिक आणि उणे," ते म्हणाले, "एवढा हिशेब मला येतो."

बोटीवरच्या स्वयंपाक्यानं सांगितलं होतं:
वाचताना हा लाव पोरीला, डोळा सैल पडेल,
नंबर उतरेल.
ताप उतरतो, भरती उतरते, तसा.

मग माकुलाच्या गळाचा नायलॉन दोरा.
एक टोक माझ्या गालाच्या हाडावर,
दुसरं वर्तमानपत्राला, आणि दोन्ही चष्मे काढून मी बसलेली.
ते कागद घेऊन मागे सरकायचे
मी "पुसट" म्हणेपर्यंत.
तिथं गाठ.

पंचवीस सेंटिमीटर. एक वीत आणि वर एक बोट.
त्यापुढचं सगळं,
फळा, टेकडीवरची पांढरी मूर्ती,
धक्क्यावरून हात हलवणारे बाबा,
ओल्या कागदावर फुटलेली शाई.

रोज बोट सुटण्याआधी गाठ.
मासळीचं वजन लिहायच्या वहीत, वजनाशेजारी, माझे डोळे.
पंचवीस. पंचवीस. साडेचोवीस. पंचवीस.

एका रविवारी ऊन पडलं
(कीलुंगला ऊन पडणं म्हणजे पाहुणा येणं)
आणि गाठ दोन बोटं पुढं गेली.
बाबांनी मला उचलून फिरवलं,
माझी चप्पल जाळ्यात पडली.
थोडं ऊन होतं ते. थोडी मी.
"पुसट" म्हणायला मी उशीर केला होता.

डॉक्टर योउंनी यंत्रानं डोळ्याची लांबी मोजली.
"डोळा मागं वाढलाय, को-साहेब.
वाढलेलं पोर पुन्हा पाळण्यात मावत नाही.
वाढीचा वेग कमी करता येतो, थेंब आहेत,
दिवसा बाहेर खेळू द्या.
या चष्म्यानं कुणाला थोडा फरक पडला असेल,
पण उलटं फिरत नाही."

बाबांनी खिशातून दोरा काढला.
"आणि हा?"
डॉक्टर हसले नाहीत.
गाठी मोजून म्हणाले, "दोरा बरोबर आहे."

आता मी उणे सात. चौदा सेंटिमीटर.
तो चष्मा बाबांच्या नाकावर, एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.
दीड त्यांना पुरत नाही, दुसरा घेत नाहीत.
गळ हातभर लांब धरतात,
हातच अपुरा पडतो.

"पै-शान, इकडं ये."
मी चष्मा कपाळावर सरकवते, वाकते,
आणि माझ्या त्या चौदात सगळं लख्ख:
गळाचं उलटं टोक, दोऱ्याची चकाकी,
त्यांच्या बोटाच्या पेरावरचा एकटा पांढरा केस.
गाठ मारून देते.

वही अजून चहाच्या डब्यामागं आहे.
त्या रविवारच्या आकड्याखाली
पेन रुतवून मारलेल्या दोन रेघा.