पेशंटला पाय किती

सेलूला स्टेशन रोडवर माझं मेडिकल.
कात्री सुतळीनं काउंटरला बांधलेली,
कारण इथं कात्र्या चोरीला जातात, गोळ्या नाहीत.

निखत आली तेव्हा बारा वाजले असतील.
सहावीतली पोर, मुठीत घामेजलेलं नाणं.
"तापाच्या दोन द्या."
ताप किती?
"कान लई गरम लागायलेत."
खोकला?
"नाही. शिंकायलीय नुसती."
जेवली का?
"सकाळपासून कुलरच्या स्टँडखाली पडून आहे."

तिथंच मला कळायला पाहिजे होतं.
कुलरच्या स्टँडखाली कोणती आजारी बाई मावते?
पण मागं चौघं उभे होते, हात सवयीचा,
कट् कट्,
आणि वर शहाणपण फुकट :
"अर्धी-अर्धी दे."

अर्धीच दिली तिनं. खिम्याच्या गोळीत दडवून.
दिवेलागणीला भुरीचे पंजे सुजले, तोंड सुजलं,
हिरड्यांना चहाच्या गाळाचा रंग आला.

गुरांच्या दवाखान्यात टाकळकर डॉक्टर
खांद्यापर्यंत म्हशीत.
हात न काढताच विचारलं, काय दिलं?
मग हात काढला.
म्हणाले, आपला ताप जिनं उतरतो
तिनं मांजराचं रक्त नासतं, पोरी.
छाती हलते, श्वास चालतो,
पण हवा रक्तात टिकत नाही.
आणि चिठ्ठीवर उतारा लिहून दिला.

उतारा माणसांच्याच दुकानात मिळतो.
माझ्याकडं होता. तिसऱ्या फळीवर,
शुगरच्या डब्यांशेजारी.
मी मानवतला साखरपुड्यात जिलेबी खात होतो,
फोन पाहुण्यांच्या घरात चार्जिंगला.
निखतचे अब्बा, मुश्ताकभाई, वेल्डर,
शटरपुढं उभे राहिले पाऊण तास.
ते शटर त्यांनीच जोडलेलं.
कुठं ठोकलं की उघडतं, त्यांना ठाऊक.
त्यांनी नुसतं वाजवलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली.
काउंटरवर ठेवली एक अख्खी, एक अर्धी.
"ह्या उरल्या. परत घेता?"

माझ्या डोक्यामागं पाटी आहे,
कापलेला माल परत घेतला जाणार नाही.
तिनं ती वाचली. मीही वळून वाचली,
जणू दुसऱ्याच कुणी लावली होती.
गल्ल्यातलं नाणं तिच्याकडं सरकवलं.
तिनं घेतलं नाही.

आता ताप म्हटलं, अंगदुखी म्हटलं,
की मी आधी विचारतो : पाय किती?
लोक हसतात. मेडिकलवाला सटकला म्हणतात.
परवा एक बाई म्हणाली,
"सासूबाईंना दोनच आहेत हो, अन् दोन्ही दुखायलेत."
मीही हसलो. दिल्या दहा.

काल एक म्हातारा आला, धोतर खोचलेलं.
विचारलं.
तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला.
"तीन," म्हणाला. "एक ट्रकखाली गेला.
कुत्रं हाय. रातभर कण्हतंय. दुखायची द्या एखादी."

मी स्टूल पुढं ओढलं.
बसा म्हटलं, बाबा.
टाकळकरांना फोन लावला,
आणि रिंग जात राहिली.