वीस रुपये फक्त

नागभीडच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानात
माझं अर्धं टेबल.
उरलेल्या अर्ध्यावर लॅमिनेशनचं मशीन तापत असतं.
भिंतीवर मागच्या हिवाळ्यातल्या नाटकाचं पोस्टर,
नायिकेच्या गालावर कुणीतरी रंगीत झेरॉक्सचा भाव लिहिलाय.
जुलैचे शेवटचे दिवस.
रोवणीमुळे अख्खं गाव बांधीत
आणि मास्तर लोक माझ्याकडे.

कुमुद गहाणे बाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली.
बिलं.
स्टीलची ताटं अठ्ठेचाळीस, पेले तेवढेच,
एक मोठा गंज, चार सतरंज्या,
पायपुसणी नऊ.
प्रत्येक बिलाच्या तळाशी हिरव्या शाईत:
या खरेदीतले दहा टक्के मूकबधिर शाळेला.
"बसते नं जी हे ऐंशी-जीमधी?
पूरं सामान मुद्दाम तिथूनच घेतलं,
इथं सस्तं भेटत होतं तरी."

मी चष्मा पुसला.
म्हटलं, बाई, ताट तुमच्या घरी आलं.
कायदा घरी आलेलं ताट पाहतो.
दहा टक्के दुकानदारानं दिले, आपल्या गल्ल्यातून,
पावती त्याच्या नावाची, वजावट मागायची त्यानं.
तुम्ही गिऱ्हाईक.
"अन् गिऱ्हाईकच नसतं,
तं त्यानं कुठून देलं असतं?"

या प्रश्नाला रकाना नाही.
स्क्रीनवर ते गोल फिरत राहिलं,
मीही त्याच्याकडेच पाहत राहिलो.

"ताटं तरी कुठं घरी हायेत जी.
आज याच्या घरची तेरवी, उद्या त्याच्या घरचं बारसं.
मोजून देतो, मोजून घेतो,
दरवेळी दोन कमी भरतात."
वस्तूचं दानही चालत नाही, मी म्हणालो,
आणि माझाच आवाज मला
लॅमिनेशनमधून आल्यासारखा वाटला.

मग पायपुसण्यांच्या बिलाला टाचलेला
एक पिवळा चिटोरा सापडला.

दिवाळीआधी दुकानाच्या पायरीवर
शाळेच्या पोरांनी पायपुसणी मांडली होती.
शेवटचं, नववं, ऐंशीचं.
बाईंनी शंभर दिले, हातानंच राहू दे म्हटलं,
आणि बस गाठली.
पोरगं मागे धावत आलं, चपला हातात घेऊन.
कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.
त्याला काय ती ऐकू येणार,
ते पायदानावर उभंच.
बाईंना वाटलं, वीस परत करतोय.
त्यानं पावतीपुस्तक पुढे केलं
आणि पॅनच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवला.
बाई एकेक अक्षर आठवून लिहीत गेल्या,
तो बोटांवर मोजत होता,
दहावं पडलं तेव्हा
त्यानं पावती फाडून दिली.

मी बाईंचा मेल उघडला.
शाळेचं प्रमाणपत्र मे महिन्यातच येऊन पडलेलं,
न वाचलेल्या दोनशे मेलांच्या खाली:
देणगी, अक्षरी रुपये वीस फक्त.

घरकर्जामुळे बाईंची पद्धत जुनी, म्हणून हा रकाना अजून उघडतो.
विसाचे निम्मे दहा.
दहावर कर वाचला दोन रुपये,
वर सेसचे आठ पैसे.
शेवटी सरकार दहाच्या पटीत गोल करतं,
त्यात हेही जातील बहुतेक.
हे सगळं मी त्यांना सांगितलं.
"भरा," बाई म्हणाल्या.

शाळेचा नोंदणी क्रमांक, पत्ता, पिनकोड,
प्रमाणपत्राचा लांबलचक आकडा.
साडेसात लाखांच्या पगाराला लागला नसेल
इतका वेळ त्या विसाला लागला.
मागे तिघं खोळंबले होते,
त्यातले एक खोकून दाखवत होते.

बिलं पिशवीत परत गेली.
पावती मी जरा वेळ धरून ठेवली, आकडा तपासायचं निमित्त करून.
खाली छापलेलं: घेणाऱ्याची सही.
त्यावर पेन्सिलीनं
मोठाल्या अक्षरांत एक नाव, पुसटलेलं,
मला लागलं नाही.
नावाखाली रेघ,
दोनदा ओढलेली.