कच्चं काम

उजव्या हाताला चार बोटं जागा सोडा,
तिथं कच्चं काम करा,
चुकलं तर खोडू नका, एक आडवी रेघ मारा नुसती.
नऊ वर्षं सातवी 'ब'ला हेच सांगत आले मी,
आर्णीपासून अकरा किलोमीटरवर, टिनाच्या शाळेत,
तासाला चोपन्न रुपये, तेही मिळाले तर दिवाळीला.
गावात बाया विचारत,
"मॅडम, तुमी पक्क्या कधी होनार?"

समजलं का, म्हटलं की
अख्खा वर्ग म्हणायचा, हो मॅडम.
त्या 'हो'वर मी किती फळे पुसले!
एकटी दुर्पता टेकाम म्हणाली नाही.
तिनं विचारलं, "मॅडम, हा क्ष कोन हाये?"
काय नाही. कोण.
मी हसले. वर्गही हसला मग.

हेडमास्तरांच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता,
त्याच्यावर सत्कारात मिळालेली शाल पांघरलेली.
"निकालपत्रक करून द्या, तुमचं गणित हाये."
बेरजा पाच मिनिटांत झाल्या.
अंधार पडेपर्यंत बसले ती दुसऱ्याच कामाला:
रकाने रुंद केले, नावांना श्वास घ्यायला जागा दिली,
आणि 'नापास'चा लाल रंग काढून
राखाडी केला.
सर म्हणाले, काऊन?
मला सांगता आलं नाही.
आज पगार मिळतो तो
बहुतेक त्याच न दिलेल्या उत्तराचा.

मग अमरावतीची एक लहानशी कंपनी,
आणि पहिलं काम जिनिंगच्या काट्याचं.
एका पडद्यावर चौदा चौकटी मांडल्या मी,
कडेला कड, भूमितीसारख्या देखण्या.
काट्यावरच्या भोयरकाकांना दाखवल्या.
समजलं का?
"हो मॅडम."
आणि त्यांचं बोट काचेच्या वर एक इंच
थांबून राहिलं,
तापला तवा चाचपावा तसं.
बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, कोणीतरी हॉर्न देत होतं.
ते बोट माझ्या ओळखीचं होतं.
फळ्यासमोर खडू धरून
ते नऊ वर्षं असंच थांबलं होतं,
आणि मी पुढचं उदाहरण घेत होते.

त्या रात्री अकरा चौकटी काढून टाकल्या.
उरलेल्या तिघींच्या मधली मोकळी जागा
कुणी शिकवली म्हणाल,
तर पुस्तकात नव्हती ती.

सासूबाई पाहुण्यांना सांगतात,
"मोबाइलमंदल्या बटना काढते आमची सून."
हुद्दा विचारला तर मीही तेच सांगते.
नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीकडच्या खिडकीत येतं,
म्हणून टेबल तिथं. दुपारी काच भाजते,
पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो,
त्याच्यामागे पळसाचं खोड.

परवा दुर्पताचा फोन आला.
सेवा केंद्र चालवते ती आता, दोन पोरांची आई.
"मॅडम, हे तुमीच बनवलं म्हनतात.
याच्यात 'पुढे' दाबलं
का मांगं येता येते काय?"

हो, म्हणणार होते.
जीभ तिथवर आलीही.
"थांब," म्हटलं, "पाहून सांगते."
ती थांबली. तिच्याकडची गर्दी ऐकू येत होती.
मी वही ओढली,
उजव्या हाताला चार बोटं जागा सोडली.