डाव्या कानामागं

विट्याच्या त्या दवाखान्यात पंखा होता,
वीज नव्हती.
दोन रात्री कळा देऊन मी पार गळून गेलेले
आणि तू तिथंच, वाटेत, मान अवघडून.
मुळीकबाई म्हणाल्या, ठोके उतरायला लागलेत, चिमटा आणा.

चिमटा म्हटल्यावर मला तुझा बाप आठवला.
कोईमतूरला गलाईच्या भट्टीपुढं
लालभडक मूस अशीच उचलायचा तो,
हात हलू न देता, श्वास धरून.
सोनं सांडलं तर घर बुडतं.

तू सांडली नाहीस.
गालांवर दोन वळ, डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबट,
एक डोळा आठवडाभर नीट मिटेना.
बघायला येणाऱ्या बायकांना आत्या सांगायच्या,
"ओढून काढलीय पोरगी."
मग वळ गेले. बर्फी वाटून झाली.

माझं काय झालं ते कुणी विचारलं नाही.
उशीवर एका अंगानं बसून पाजलं तुला सव्वा महिना.
शिंक आली की अजून मांड्या आवळते,
एसटीतून उतरले की आधी मुतारी कुठंय ते बघते.

परवा मिरजेहून आलीस,
नर्सिंगचं दुसरं वर्ष, पिशवीभर मळके कपडे.
वेणी घालताना कानामागची ती बारीक खाच
मी चाचपली, नेहमीसारखी.
मान न वळवता तू विचारलंस,
"आई, टाके किती पडले होते तुला?"

एकोणीस वर्षं.
तेल तळहातावरून मनगटाकडं गेलं.
मला आकडा माहीत नव्हता गं.
बिलावर असेल, म्हटलं,
आणि भांग मोडून पुन्हा पाडला,
वाकडा आला होता.