लाभ, दोन, तीन

लातूरच्या अडतीत चौतीस वर्षं मी तोलार होतो.
तूर, करडई, सोयाबीन.
पोतं काट्यावर चढायच्या आधीच
डोळ्यांना त्याचं वजन कळायचं,
किलो-दोन किलो इकडंतिकडं.
भुसकट नाकातोंडात जायचं. जाऊ दे म्हणायचो,
ते कुठं कुणी तोलतंय.

फुप्फुसानं सगळं लिहून ठेवलं होतं.

आता उठल्यावर आधी
पलंगाच्या काठाशी बसून अंदाज घेतो,
आज गाठीला किती आहे.
काल होतं तेवढंच असेल असं नाही.
काल दाढी केली, गंजगोलाईपर्यंत जाऊन आलो.
आज सदऱ्याची तिसरी गुंडी लावता लावता
दोन्ही हात मांडीवर येऊन पडले,
संध्याकाळच्या हमालांसारखे.

दम परवडला. तो आवाज करतो,
लोक खुर्ची देतात.
हा थकवा गप असतो.
हाडांच्या आत कुणी ओलं पोतं अंथरून ठेवल्यागत.
झोपून उठलं तरी ते वाळत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या फिरदोस मॅडम म्हणाल्या,
काका, काम तोडून तोडून करा, मधे बसा.
मनात म्हटलं, मला मापं शिकवायलीय ही पोर.
आणि घरी येऊन जुन्या वहीत खरंच तोलत बसलो.
अंघोळ, उभ्यानं: एक क्विंटल.
प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून: साठ किलो.
अंग पुसणं हे वेगळं पोतं, ते कुणी धरतच नाही.
सुलननं जुनं लुगडं दिलं, नुसतं पांघरायला,
ते आपलं आपण पाणी पितं. वीस वाचले.
वाकून चप्पल.
भाकरी चावणं. आता वरणात कुस्करतो.
फोनवर मोठ्यानं बोलणं.
राग.
रागाला हमाली वेगळी पडते.

एका दुपारी पाहिलं तर फळीवरचे डबे खाली आलेले,
चहा, साखर, पोहे, माझ्या कमरेच्या उंचीला.
सुलन काही बोलली नव्हती.
मीही बोललो नाही.
बोलण्याला वजन असतं, पण कारण ते नव्हतं.

चालणं मात्र सोडायचं नाही,
पाय बसले की श्वासही बसतो म्हणतात.
म्हणून ऊन उतरलं की निघतो, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत,
ओठांची चुंबळ करून
चहा निववावा तशी हवा सोडत.
घेताना दोन, सोडताना चार.
पहिल्यांदा लाज वाटायची.
थांबलो की खिशात काहीतरी शोधायचो,
भांड्याच्या दुकानाची पाटी वाचायचो.
पाठ झालीय ती, मालकाच्या आजोबांच्या नावासकट.
आता थांबतो तर थांबतो.

परवा त्याच पायरीवर बाशूमिया भेटला,
माझ्या काट्यावर पोती टाकायचा तो.
त्याचे गुडघे गेलेत.
"काय तोलार, बिगर ओझ्याचं बसलाव व्हय?"
"ओझं आत हाय. उतरवतूस का? हमाली देतो."
"तुजं माप खोटं. म्या न्हाई हात लावत."
आणि आम्ही हसलो,
इतकं की डोळ्यांपुढं काजवे, मग खोकला,
पायरीची कड घट्ट धरली.
त्यानं पाठीवर हात ठेवला.
थोपटलं नाही, नुसता ठेवला.

संध्याकाळची अख्खी शिल्लक तिथंच गेली.
न जेवता आडवा झालो, सुलन चिडली.
हसण्याचं वजन वहीत मांडलं नाही.
पेन हातात होतं तरी.

रात्री तीन उशांना टेकून मोजतो.
अडतीत पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही.
खळ्यातल्या राशीसमोर म्हणायचो
तसंच म्हणतो, ओठांतल्या ओठांत, घाई न करता:
लाभ.
दोन.
तीन.