चिकटपट्टी

अकरा हंगाम मी बोग्ना राचेकची बोटं बांधली.
करंगळीपासून सुरुवात, ही तिची अट.
अंगठे मोकळे.
"त्यांना चेंडू कळला पाहिजे, तेओफिल," म्हणायची
आणि डोळे मिटून बसायची,
जणू मी हात बघतोय तिचा
आणि सांगणार काहीच नाही.

तिची आई बोलेस्वाव्येत्सला, भांड्यांच्या कारखान्यात,
कपांवर निळे ठसे उठवायची
चिमटीत धरलेल्या एवढ्याशा स्पंजाने.
संध्याकाळी घरी यायची ती निळी नखं घेऊन.
पोरीने एकदा विचारलं, तुझ्या कपातून चहा कोण पितं?
मला काय ठाऊक, आई म्हणाली,
मी पुढच्या बाईकडे सरकवते.

पोरगी लिफ्टर झाली.
गुण मारणारीचे, टाळ्या मारणारीच्या,
आणि वर्तमानपत्रातल्या फोटोत
कडेला कापलेलं एक कोपर, ते बोग्नाचं.
मी ती कोपरं जपून ठेवलीत.

त्या हिवाळ्यांचं काय सांगू.
उणे चौदा, पहाटेचे तीन, राडोमच्या अलीकडचा पेट्रोलपंप,
हरून परतणारी बस.
सगळ्या जणी गरम सॉसेज खातायत
आणि मोहरीची पुडी तिला फाडता येत नाही.
पुढे करायची माझ्याकडे, न बोलता.
एका मार्चमध्ये क्लबकडे पैसे संपले.
पुरस्कर्ता मशरूमवाला होता,
त्याने पगाराऐवजी डबे वाटले, माणशी बारा.
तिने तिचे मैदान पुसणाऱ्या पोरांना देऊन टाकले,
मग आठवडाभर माझ्याकडे जेवली.

मधली दोन वर्षं ती तुर्कस्तानात, बुर्साला.
ती मी धरत नाही.
परतली ती उजवी अनामिका वाकडी करून.
तिथे कोण बांधत होतं कोण जाणे,
मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आणि श्चिर्कचं शिबिर. डोंगरात सतरा जणी,
विमानात जागा चौदा.
दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉलवर हजर,
गरुडाचा शर्ट घडी करून माझ्या पेटीत ठेवला,
कात्री आणि मलमाच्या खाली,
आणि भिंतीवर चेंडू खेळवत बसली.
चारशेपर्यंत मी मोजले.
पुढे रखवालदाराने दिवे घालवले,
चेंडूचा आवाज चालूच.

शेवटचा सामना एप्रिलमध्ये, वय छत्तीस.
तेवीस–चोवीस. अख्ख्या हॉलला माहीत,
चेंडू डावीकडे जाणार, कप्तानाकडे.
तिने दिला मागे, न बघता, यागोदाला.
यागोदा सतराची, आधीचे दोन बाहेर मारलेले,
ओठ पांढरे पडलेले.
तिसराही बाहेर गेला.

लोक आजही विचारतात, का दिला?
मी बाकावरून पाहिला होता तो चेंडू.
बरोबर तिथे होता, हवा तितकाच वर,
जरासा थांबल्यासारखा,
जसा कुणी दार उघडं धरून उभं राहावं.

रात्री मी पट्टी कापायला कात्री काढली.
राहू दे, म्हणाली, घरी जाऊन सोडते.
तशीच गेली. हातमोजे चढेनात,
हात कोटाच्या खिशात, आणि बॅग माझ्या खांद्यावर, स्टेशनपर्यंत.

परवा आली होती, लेकीला घेऊन.
आईने घातलेल्या काकड्यांची बरणी आणली होती.
झाकण तिला फिरेना.
मला दिली. माझे हात तर कधीच कामातून गेलेत,
उगाच खटपट केली थोडी.
लेकीने बरणी ओढून घेतली,
बूड उंबऱ्यावर एकदा आपटलं,
टप्.
खारं पाणी माझ्या गालिच्यावर, शेपूचा वास घरभर.

कुणी शिकवलं गं?
आजीने, ती म्हणाली, तोंडात काकडी.
बोग्ना हसली, आणि वाकडं बोट पुढे करून
दुसरी काकडी मागू लागली.